दिव्यांची जकार्ड

जयंतीचे स्टेज बांधायचे ठरले की आमच्या वस्तीत सर्वांत मोठा वाद दिव्यांवरून होतो. तरुण मंडळी म्हणतात, "काका, लायटिंग अशी पाहिजे की डोळे दिपले पाहिजेत!" आम्ही हिशेबाची वही मांडीवर घेऊन बसलेलो. आम्ही पडलो कारकून. आम्ही विचारतो, बाबांनो, दिपलेल्या डोळ्यांना स्टेजवरचे काय दिसणार?

गेल्या वर्षी हा प्रश्न खराच उभा राहिला. मुलींनी चवदार तळ्याचा प्रवेश बसवला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तो प्रसंग. शेवटी सातवीतली एक मुलगी वाकते, ओंजळ भरते आणि पाणी पिते. बस्स, एवढेच. पण रंगीत तालमीत ती वाकली आणि भाड्याच्या दिव्यांचा धिंगाणा सुरू झाला. लाल, हिरवा, निळा, नुसते भकाभक! ऑर्केस्ट्राला लावतात तोच खेळ चालवणाऱ्याने लावून दिला होता. पोर पाणी पिते आहे की नाचते आहे, काही कळेना. ती रडायलाच लागली.

त्या दिवेवाल्याकडे आमच्याच गल्लीतला एक मुलगा कामाला आहे. बारावीनंतर शिक्षण सुटले. लोखंडी स्टँड वाहायचे, केबल ओढायची, शिडीवर चढून दिवे बांधायचे, हे त्याचे काम. दिवे चालवण्याच्या कन्सोलला मात्र हात लावायचा नाही. आम्ही मालकाला विनंती केली, "तासभर याला बसू द्या. काही बिघडले तर भरपाई आमची." तो कसाबसा तयार झाला.

कन्सोल तसा साधाच होता, १९२ चॅनेलचा. म्हणजे बारा दिवे, आणि प्रत्येक दिव्यासाठी सोळा चॅनेल. एका चॅनेलवर दिव्याची तीव्रता, दुसऱ्यावर लाल, तिसऱ्यावर हिरवा, चौथ्यावर निळा. सरकत्या दांडीने कमीजास्त करायचे आणि जमलेले चित्र बटणावर साठवून ठेवायचे. त्याला 'सीन' म्हणतात. असे सीन एकामागून एक फिरवले की झाला 'चेस'.

मुलाने मागच्या पांढऱ्या पडद्यावर सहा निळे दिवे सोडले आणि सहा सीन केले. पहिल्यात पहिला दिवा थोडा तेज, त्याच्या शेजारचा जरा कमी, बाकीचे मंद. दुसऱ्यात दुसरा तेज. असे सहापर्यंत. चेस सुरू केला, तर पुन्हा तीच उडी! दिवा इकडून तिकडे टुणकन जाई. मग त्याने वेग कमी केला आणि 'फेड'ची दांडी वर नेली. फेड म्हणजे एका सीनमधून दुसऱ्या सीनमध्ये जायला लागणारा वेळ. एक दिवा उतरू लागला तसा दुसरा हळूहळू चढू लागला आणि पडद्यावर पाणी हलू लागले. दिवे तेच, सीनही तेच. फरक फक्त एका दांडीचा.

मुलाचे वडील अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात चादरीच्या मागावर काम करतात. पोराला डबा घेऊन आले होते. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, ही तर आपली जकार्डच की!"

आम्ही चकितच झालो. पण माणूस बरोबर बोलला होता. जकार्डला भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे असतात. कोणता धागा उचलायचा ते भोक सांगते. कार्डांची माळ गोल शिवलेली असते, म्हणून नक्षी पुन्हा पुन्हा उठते. कन्सोलमध्ये कार्डाच्या जागी सीन आणि धाग्याच्या जागी दिवा. फ्रान्समधल्या लियों शहरात जकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणले आणि संगणकाची कल्पना मांडताना बॅबेजने त्याचीच कार्डे डोळ्यांपुढे ठेवली. सोलापूरच्या कामगाराला हे शास्त्र परके नाही. त्याच्या बोटांत ते कधीचे आहे.

कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात १९५९ साली उत्पल दत्त यांनी 'अंगार' हे कोळसा खाणीतल्या मजुरांवरचे नाटक केले. शेवटी खाणीत पाणी शिरते आणि मजूर बुडतात. तापस सेन यांनी ते पाणी केवळ प्रकाशातून उभे केले. तेव्हा आजच्यासारखे कन्सोल कुठे होते? काय दाखवायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून जमले.

आमच्या प्रयोगात मुलगी वाकली, पडद्यावरचे निळे पाणी संथ हलले आणि गर्दी गप्प झाली. पुढच्या सतरंजीवरची एक आजी शेजारणीला म्हणाली, "पाणी हाललं गं बाई." त्या मुलाने कन्सोलवरून मान वर केली नाही. चुकेल या भीतीने त्याचे हात थरथरत होते, असे तो नंतर म्हणाला.

म्हणून मंडळांना आमचे सांगणे आहे. दिवे भाड्याने घेताना एक अट घाला. आदल्या दिवशी दोन तास आपली दोन मुले आणि दोन मुली कन्सोलजवळ बसतील. स्टँड वाहणाऱ्या आपल्या पोराला दांडी सरकवायलाही आली, तर त्याची मजुरी वाढेल. आणखी दोन गोष्टी. भराभर लुकलुकणारा झोत टाळा, फिट येणाऱ्यांना तो घातक ठरू शकतो. आणि लेसर कधीही माणसांवर सोडू नका. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकच्या काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला त्याने इजा झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते.

यंदा आमच्या वहीत दिव्यांच्या भाड्याखाली एक नवी ओळ आहे: शिकाऊ मुलांचा चहा-नाश्ता. ती कोणी खोडू नये.