आधी पैसे, मग किंमत

तर झालं असं की, मध्यंतरी एका विकांताला आम्ही चौघांनी पुलाउ उबिनवर तंबू ठोकून राहायचं ठरवलं, आणि आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, मला नवा कॅमेरा घ्यायची दुर्बुद्धी झाली. एका विकांतात दोन गोष्टी करायला गेलं की एकीचं तरी वाटोळं होतंच. पण त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या म्हणून मला एक गोष्ट कळली. ती सांगावी म्हणून हा प्रपंच.

आधी बेटाविषयी. सिंगापूरच्या ईशान्येला, चांगी पॉइंटवरून लाकडी मोटरबोटीने दहा-पंधरा मिनिटांवर साधारण १० चौरस किलोमीटरचं हे बेट आहे. पुलाउ म्हणजे मलाय भाषेत बेट. इथे पूर्वी ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, शेवटची १९९९ मध्ये बंद झाली. एकेकाळी काही हजार लोक राहायचे, आता मोजकीच घरं उरलीत. पत्र्याची छपरं, विहिरी, अंगणात कोंबड्या, नारळ. मी मूळचा रत्नागिरीकडचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, च्यायला, मेट्रोत बसून आपण थेट गावाला आलो की काय!

इथे धनेश दिसतो. सिंगापुरातून हा पक्षी एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. १९९४ मध्ये याच बेटावर त्याची एक जोडी दिसली आणि नंतर त्यांची संख्या वाढत गेली. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ लिंपून घेते आणि नर बाहेरून तिला आणि पिल्लांना भरवतो. लहानपणी आजोळी धनेश पाहिलेला, त्यामुळे या वेळी त्याचा फोटू काढायचाच असं डोक्यात बसलं होतं. आणि फोनवर धनेशाचा फोटो म्हणजे काळा ठिपका.

मी इंजिनिअर माणूस. तीन आठवडे जालावर परीक्षणं वाचली, एक्सेलमध्ये तक्ता केला, सेन्सर, वजन, लेन्स, बॅटरी, सगळ्याला गुण दिले. शेवटी एक मिररलेस कॅमेरा आणि त्याच्याबरोबर येणारी १८-५० ची लेन्स, असं नक्की झालं. एका मोठ्या साखळी दुकानात त्याची किंमत १,३९९ डॉलर लिहिलेली. पण सरळ लिहिलेल्या किमतीला वस्तू घेतली तर मराठी मध्यमवर्गीय रक्ताला चैन कसं पडणार? म्हटलं, जरा फिरून बघू.

ऑफिसमधून सुटून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या एका इमारतीत गेलो. दुकानाचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाहीच. काउंटरवरच्या माणसाने मला बघताच हिंदी सुरू केलं.

"इंडिया से? कौनसी जगह?"

"महाराष्ट्र."

"अरे, फिर तो अपना ही आदमी है. बैठो भाई, कॉफी पियोगे?"

दिवसभर कॉलवर "कॅन, कॅन" आणि "नो वरीज" ऐकून कान किटलेले असताना कुणी बैठो भाई म्हटलं की बरं वाटतंच. मी बसलो. मॉडेल सांगितलं. त्याने किंमत तोंडाने सांगितली नाही. कॅल्क्युलेटरवर १,१८० टाइप केलं, माझ्याकडे फिरवलं, आणि मी मान डोलावताच सी बटण दाबून पुसून टाकलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मनात हिशेब चालू होता : २१९ डॉलर वाचले! कार्ड दिलं, स्वाइप झालं, स्लिप आली.

आणि मग खरी किंमत कळायला सुरुवात झाली.

आधी जीएसटी. "वो तो अलग है ना भाई, गव्हर्मेंट का." नऊ टक्क्यांनी १०६.२० डॉलर. मग म्हणे, हा "एक्स्पोर्ट सेट" आहे, सिंगापूरची वॉरंटी हवी तर १२०. मग खोका उघडला, तर आत बॅटरी नाही. "इस सेट में नहीं आती, ओरिजिनल चाहिए तो सत्तर." मी म्हटलं, मला नकोच, पैसे परत द्या. त्याबरोबर भाई गायब झाला आणि त्याच माणसाचा दुसरा चेहरा समोर आला. बिल झालंय, खोका उघडलाय, परत घेत नाही, हे बघा पावतीवर छापलंय. मागून आणखी दोघे येऊन उभे राहिले. कुणी हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. नुसते उभे राहिले.

सव्वा तास मी तिथे बसलो होतो. नऊ वाजले, सकाळी सहाला निघायचं होतं, आणि ११८० डॉलर आधीच त्यांच्या खात्यात. शेवटी वरचे २९६.२० भरून बाहेर पडलो. एकूण १,४७६.२०. म्हणजे २१९ वाचवायला गेलेला माणूस ७७.२० जास्त देऊन आला. एक्सेलचा तक्ता अजून लॅपटॉपवर उघडाच होता. घरी आल्यावर पहिल्यांदा तो बंद केला.

रूममेटने विचारलं, "केवढ्याला पडला?" मी म्हटलं, "१,१८०." हे वाक्य पैशांपेक्षा जास्त टोचलं. फसलेला माणूस फसवणाऱ्याची बाजू अशी सांभाळून घेतो! रात्री झोप येईना म्हणून मॅन्युअल काढलं. सोबत येणाऱ्या वस्तूंच्या यादीत ठळक अक्षरात : बॅटरी, एक नग. वॉरंटी? उत्पादकाची एक वर्षाची, फुकट. सिंगापूरच्या करखात्याच्या संकेतस्थळावर गेलो. ग्राहकाला सांगितलेली किंमत, लेखी असो वा तोंडी, जीएसटी धरूनच सांगायची असा नियम. तीन कारणं, तिन्ही खोटी.

सकाळी वाटलं, ट्रिप गेली खड्ड्यात, जाऊन भांडू. पण दुकान अकराला उघडणार, आणि सहा वाजता तिघे मित्र तंबू, दोऱ्या आणि वीस लिटर पाणी घेऊन दारात उभे. गेलो.

चांगीच्या धक्क्यावर बोटवाल्या अंकलनी चार बोटं दाखवली. माणशी ४ डॉलर. बोट बारा माणसं जमली की सुटते. घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे भरा, लगेच निघते. नसेल तर बसा बाकावर. आम्ही बसलो. हळूहळू सायकलवाले आले, दोन आज्या भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या, एक गोरं जोडपं आलं. सगळ्यांना तीच चार बोटं. मला कुणी भाई म्हटलं नाही, कॉफी विचारली नाही, मी कुठला तेही विचारलं नाही. बोट अर्ध्यात आल्यावर अंकलनी पैसे गोळा केले. चार म्हणजे चार.

इतक्या साध्या गोष्टीने माझ्या घशात आवंढा यावा, म्हणजे आदल्या संध्याकाळचा डंख किती खोल होता बघा.

बेटावर मामाम नावाच्या किनाऱ्यावर तंबू ठोकले. जागेचे पैसे लागत नाहीत. समोर मलेशियाचा जोहोर, इतका जवळ की फोनने स्वतःहून मलेशियाचं नेटवर्क पकडून स्वागताचा एसएमएस दाखवला. तंबूपाशी वीज नाही, पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं. संध्याकाळी एक रानडुक्कर दोन पिल्लांसह आलं आणि आमची ठेपल्यांची पिशवी शांतपणे ओढून घेऊन गेलं. आम्ही चौघे धीट इंजिनिअर टेबलावर चढून बघत होतो. निदान त्याने आधी कॅल्क्युलेटर तरी दाखवला नाही :)

रात्री शेकोटीऐवजी टॉर्चभोवती बसलो असताना मी खरी रक्कम सांगून टाकली. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, त्याने गेल्या वर्षी फोन घेताना असंच केलं होतं. दुसरा गप्प राहिला, म्हणजे त्याचंही कधीतरी झालं असणार. म्हणजे चारातले तिघे, आणि आजवर एकमेकांना एक अक्षर बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीची वेळ बघून चेक जावाला गेलो. बेटाच्या पूर्व टोकाचा हा किनारा. खारफुटी, वाळू, प्रवाळांचे तुकडे, सागरी गवत, सगळं एकाच ठिकाणी. इथे भराव टाकायचं ठरलं होतं. निसर्गप्रेमींनी ओहोटीला चिखलात उतरून एकेका जीवाची नोंद केली, फोटो काढले, सरकारला लिहिलं, आणि डिसेंबर २००१ मध्ये भराव पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. २००७ पासून तिथे पायवाट आहे. तिच्यावर उभं राहून मी विचार करत होतो की हे वाचलं कशामुळे? कुणाच्या भल्या स्वभावामुळे नाही. जे आहे ते लिहून, मोजून समोर ठेवल्यामुळे.

आणि हो, धनेश दिसला. दोन. डोक्यावरून पंखांचा सूं सूं आवाज करत गेले आणि समोरच्या उंच झाडावर बसले. मी कॅमेरा काढला. पन्नास एमएमच्या लेन्समधून काय दिसणार? काळा ठिपका! झूम लेन्सशिवाय पक्षी येणार नाहीत, हे त्या दुकानदाराने मला सांगितलेलं एकमेव सत्य. पण खरं सांगायचं तर ठिपक्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की दोन दिवस जेव्हा जेव्हा कॅमेरा हातात घेतला तेव्हा तेव्हा पक्ष्याऐवजी १,४७६.२० दिसत होतं.

आता मुद्दा. अशी गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, "तूच मूर्ख, चौकशी करून जायचं ना." अहो, तीन आठवडे तेच करत होतो! मला कॅमेऱ्याबद्दल सगळं ठाऊक होतं. फसवणूक माहितीच्या अभावाने झाली नाही, क्रम उलटा केल्याने झाली. आधी पैसे, मग किंमत. एकदा कार्ड स्वाइप झालं की तुम्ही ग्राहक उरत नाही, स्वतःचेच पैसे सोडवायला आलेले याचक होता. याचक किती खाली जाऊ शकतो याचं उदाहरण याच शहराने नोव्हेंबर २०१४ मध्ये पाहिलं. फोन घ्यायला आलेला एक व्हिएतनामी पर्यटक पैसे परत मिळावेत म्हणून दुकानात गुडघ्यांवर बसला, त्याचा व्हिडिओ जगभर गेला. त्या दुकानदाराला २०१५ मध्ये ३३ महिन्यांची कैद झाली. पण गुडघे टेकण्याची ती पाच मिनिटं कैदेने पुसली जात नाहीत.

दुसरं, "अपना आदमी". परक्या मुलखात आपली भाषा ऐकली की आपण पहिली गोष्ट सोडतो ती लेखी आकडा मागण्याची. आपल्या माणसाकडे काय लेखी मागायचं? माझं मत आता नेमकं उलट आहे. जो खरंच आपला आहे त्याला आकडा लिहून द्यायला काय हरकत आहे?

इथे मला आपली एमआरपी आठवली. भारतात खोक्यावर कमाल किंमत, सगळे कर धरून, छापणं कायद्याने बंधनकारक आहे. सिंगापुरात तसं नाही. एमआरपीला आपण नावं ठेवतो, आणि ती मुद्दाम फुगवून वर "४० टक्के सूट" लावतात हेही खरं. तरी तिचा एक गुण इथे आल्यावर कळला. ती वस्तूवर छापलेली असते, सी बटण दाबून पुसता येत नाही.

सिंगापुरात कायदा नाही असं मात्र नाही. २००४ पासून लागू असलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात, आधी सांगितलेल्या अंदाजापेक्षा ग्राहकाच्या आगाऊ संमतीशिवाय बरीच जास्त किंमत लावणं ही अनुचित प्रथा धरली आहे. लघु दावा न्यायाधिकरणात ५,००० डॉलरपर्यंतच्या दाव्याला ग्राहकाला १० डॉलर शुल्क लागतं आणि वकील चालत नाही. म्हणजे बोटीच्या अडीच फेऱ्यांचं भाडं! सोमवारी मी दावा दाखल केला. सोबत मॅन्युअलचं पान, उत्पादकाच्या वॉरंटीचं पान आणि कराचा नियम जोडला. कॅल्क्युलेटरवरच्या १,१८० चा पुरावा नव्हता, पण पहिली कार्ड स्लिप होती. सुनावणीआधीच दुकानातून फोन आला आणि जीएसटी व वॉरंटीचे २२६.२० परत मिळाले. बॅटरीचे ७० मी सोडून दिले. ट्यूशन फी समजा. त्या फोनवर हिंदी नव्हतं, भाईही नव्हतं :)

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच. घासाघीस खुशाल करा, तो आपला हक्क आहे. पण आकडा कागदावर घ्या, त्यात कर, वॉरंटी आणि खोक्यातल्या वस्तू लिहून घ्या, खोका पैसे देण्याआधी उघडायला लावा, आणि तोवर कार्ड खिशात ठेवा. आणि फसलात तर निदान मित्रांना खरी रक्कम सांगा. आपण तिघे वेगवेगळे गप्प बसलो म्हणून तर चौथ्यासाठी कॉफी विचारणारा तयार असतो.

पुढच्या ओहोटीला परत जायचा विचार आहे. झूम लेन्स भाड्याने घेणार आहे, भाडं लिहून घेऊन. धनेशाचा फोटो येईल न येईल. अंकलची चार बोटं मात्र नक्की दिसतील.

असो.