दुसऱ्या जागेचे राजकारण

अमेरिकेचे उपाध्यक्षपद शोभेचे असून त्याचा उमेदवार केवळ प्रादेशिक समतोलासाठी निवडला जातो, हा समज जितका रूढ तितकाच भ्रामक आहे. १९४४ च्या जुलैमध्ये शिकागोत भरलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन त्याची साक्ष देते.

उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्यामागे कामगार संघटना होत्या. वंशसमतेचा आणि वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ते उघड पुरस्कार करीत. २० जुलैच्या रात्री सभागृह त्यांच्या नावाने दुमदुमू लागताच बैठक तहकूब करण्यात आली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस यांना ४२९.५ व ट्रुमन यांना ३१९.५ मते पडली. दुसऱ्या फेरीत धुरिणांनी पारडे फिरविले. खुद्द रूझवेल्ट यांनी एक पत्र वॉलेसच्या बाजूने लिहिले आणि ट्रुमन वा डग्लस चालतील असे दुसरेही!

वॉलेस राहिले असते तर दक्षिण हातची गेली असती, असा बचाव केला जातो. रूझवेल्ट यांना ४३२ निर्वाचक मते मिळाली. दक्षिणेतील अकरा राज्यांची १२७ वजा केली तरी ३०५ उरतात. गरज होती २६६ ची. तेव्हा खरी भीती पराभवाची नव्हती, ती आजारी अध्यक्षाच्या वारसाची होती. शपथविधीनंतर ८२ दिवसांनी रूझवेल्ट निवर्तले. पुढे हिरोशिमाचा निर्णय ट्रुमन यांनी घेतला.

पहिल्या जागेचा जयघोष करणाऱ्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या जागेवर पहारा ठेवला पाहिजे. समतोलाची भाषा सुरू झाली की कोणाला वगळले जात आहे, हा प्रश्न तेथेच विचारावयास हवा.