दंतवैद्याच्या दारातले भय



दाढ ठणकू लागली की आपल्या डिचोली भागातला माणूस प्रथम लवंग दाढेखाली धरतो, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. गाल सुजला तरी दंतवैद्याचे नाव काढीत नाही. ज्याने माडावर चढून नारळ पाडले, खाणीवरचे ट्रक हाकले, तोही त्या खुर्चीपुढे गळून जातो. त्याला भित्रा म्हणून हसणे अन्यायाचे आहे. त्याच्या तळहातांना सुटणारा घाम खरा असतो, आदल्या रात्रीची उडालेली झोपही खरी असते.

नॉर्मन कोरा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली हे भय मोजण्यासाठी चार प्रश्न योजले. उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे. बाहेर बसून वाट पाहत आहात. खुर्चीत बसला आहात आणि दात कोरण्याचे यंत्र सज्ज होत आहे. दात साफ करण्याची हत्यारे बाहेर निघत आहेत. तेव्हा मनाची स्थिती काय असते? गुण ४ ते २०. १५ वा अधिक म्हणजे भय तीव्र. नीट पाहा, चारही प्रसंगांत दाताला अजून कोणी हात लावलेला नाही! भय वसते ते वाट पाहण्यात. आणि आपण दुखणे पुढे ढकलतो, म्हणजे वाट पाहणेच लांबवितो. इतक्यात लहानशी कीड मुळापर्यंत पोहोचते, दाढ काढण्याची पाळी येते, शिवाय किडके तोंड उघडून दाखविण्याची लाज वाटते ती वेगळीच.

आपल्या पणजोबांचे भय साधार होते. त्यांच्या काळी खेड्यात भुलेवाचून दाढ उपटीत. (दातदुखीने पीडितांची आश्रयदाती संत अपोलोनिया, छळकांनी तिचे दातच पाडले होते.) १९४३ साली स्वीडनमध्ये निर्माण झालेल्या लिग्नोकेनने आता हिरडी बधिर करता येते. बांबोळीचे सरकारी दंत महाविद्यालय १९८० पासून आहे. तेथे वा अन्यत्र जाल तेव्हा प्रथमच सांगावे, “मला भीती वाटते.” हात वर करताच थांबावे, अशी खूणही ठरवून घ्यावी.

आयांना मात्र एक विनंती. “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचील,” हा धाक घरात घालू नका. मुलाला प्रथम दाढ दुखत नसताना न्यावे, नुसते दात मोजून घ्यावेत. “मुळीच दुखणार नाही,” असेही सांगू नये. पहिल्या टोचणीलाच ते खोटे ठरते, आणि पुढल्या खेपेस मूल आईचा हात धरून निघत नाही.