काटा खोटे बोलतो तेव्हा



आपल्यातील बरीच मुले जुनी पिकअप घेऊन भाजीपाल्याची वाहतूक करतात. गाडी हेच त्या घराचे भांडवल. म्हणून आज इंजिनच्या टेंपरेचरच्या काट्याविषयी.

माझा भाचा नाशिकहून वाशीला माल नेतो. परतताना कसारा घाटात काटा एका झटक्यात लाल पट्ट्यात गेला. त्याने गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली, हे योग्यच केले. पण वाफ नाही, पाणी उकळल्याचा आवाज नाही. गॅरेजवाल्याने मात्र हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल, असे सांगून टाकले. भाचेसुनेने बचत गटाकडे कर्जाचा अर्ज लिहूनही ठेवला.

मी म्हटले, "सूनबाई, अर्ज एक दिवस राहू दे."

"मामा, आणि खरंच गॅस्केट गेलं असेल तर?" भाचा म्हणाला. त्याची भीती रास्त होती. पण इंजिन तापायला थोडा वेळ घेते. एका क्षणात टोकाला गेलेल्या काट्यावर संशय घ्यावा.

सकाळी गार इंजिनचे झाकण उघडून पाणी पाहिले. भरलेले होते. (गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते.) जुन्या गाडीत इंजिनवरच्या सेन्सरला एकच तार असते. पाणी तापले की सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो, तारेतून जास्त करंट जातो आणि काटा चढतो. म्हणून चावी चालू ठेवून ती तार सेन्सरवरून काढली, तर काटा गार टोकाला यायला हवा. तार इंजिनच्या उघड्या लोखंडाला क्षणभर टेकवली, की गरम टोकाकडे जायला हवा. दोन्ही झाले तर मीटर आणि तार ठीक, दोष सेन्सरचा. टेकवूनही काटा हलला नाही, तर तार तुटलेली किंवा मीटर गेलेले.

भाच्याच्या गाडीची तार काढली, काटा खाली आला. पण तीच मोकळी तार जरा हलवली आणि काटा पुन्हा लालमध्ये! सेन्सर जोडलेलाच नाही, मग हे कसे? तारेवर बोट फिरवत गेलो. एका पट्टीपाशी प्लास्टिक घासून तांबे उघडे पडले होते. चढावर जोर लावताना इंजिन हलते, तार बॉडीला लागते. टेप गुंडाळून तार दुसरीकडून बांधली. टेपचा खर्च किती, तो तुम्हीच मोजा.

दिवे लावताच काटा सरकत असेल तर अर्थिंगची जोडणी घासून घट्ट करा. डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा एकाच वेळी चुकू लागला, तर दोघांचा सामाईक सप्लाय किंवा अर्थिंग तपासा. काटा नेहमीच खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचीही शक्यता असते. तिथे काटा खरेच बोलतो.

जास्त धोका उलट्या खोटेपणाचा. पाणी गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. चढावर काटा अचानक उतरला तर आनंद मानू नका, गाडी थांबवा.

नव्या संगणकीय गाड्यांत मात्र तार टेकवण्याचा हा प्रयोग करू नये.

भाचेसुनेने तो अर्ज फाडला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता रोज सकाळी रेडिएटरच्या पाण्याची नोंद होते.