‘गाभण असेल, थांबा’ हे निदान नव्हे

गव्हाण, उलवे, जासई या पट्ट्यात पशुवैद्यकाच्या दारात पूर्वी शेळी, म्हैस, कोंबडी आणि फार तर कुत्रा यायचा. सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून गिनीपिग येऊ लागले. तक्रार बहुधा ठरलेली असते, मादीचे पोट वाढले आहे. त्यावर मिळणारे उत्तरही ठरलेले, गाभण असेल, थांबा. वाचकांच्या पत्रांत हा विषय वारंवार येतो आहे आणि पत्रे वाचून राग येतो. एवढे थांबल्यावर मादी पुन्हा दवाखान्यात येते, तेव्हा ती शस्त्रक्रिया सोसण्याच्या अवस्थेत राहिलेली नसते.

या प्राण्याचा गर्भकाळ 59 ते 72 दिवसांचा. मादी नरापासून कधी वेगळी झाली ती तारीख विचारायला पैसे लागत नाहीत. त्या दिवसापासून 72 दिवस उलटले की गाभणपणाचा प्रश्न मिटतो. मात्र सोबतची ‘बहीण’ खरोखर मादी आहे का, हे स्वतः उलटून पाहावे. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. चार ते सहा आठवड्यांचे पिल्लूही माजावर येते आणि व्यायलेली मादी काही तासांत पुन्हा फळू शकते.

दीड वर्षापुढची मादी, दोन्ही कुशींवरचे केस गेलेले, खाज नाही, सडांवर खपल्या, पोट मोठे. या चित्रात आधी बीजकोशातील सिस्टचा विचार व्हायला हवा. हार्मोनचे इंजेक्शन फॉलिक्युलर सिस्टवर उपयोगी पडते. बहुतेक माद्यांत आढळणाऱ्या पाणीदार सिस्टवर ते पडत नाही. अंथरुणात रक्त दिसले तर ते गर्भाशयाचे की मूतखड्याचे, हे ठरवल्याशिवाय औषध लिहू नये. आणि लिहायचेच तर तोंडावाटे अमॉक्सिसिलिन कदापि नको. त्याने आतड्यातले जंतू बिघडून प्राणी दगावतो, हे पदवीच्या वर्गात शिकवलेले असते.

हे सगळे बोटांनी चाचपून काही प्रमाणात कळते, खात्री सोनोग्राफीने होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भ दिसतो, त्याच्या हृदयाचे ठोके दिसतात. सिस्टची काळी पोकळी आणि पू भरलेले गर्भाशय वेगळे ओळखू येते. मग पनवेल-उरण भागातल्या किती पशुवैद्यकांकडे मशीन आहे? फार थोड्या. पैशांची अडचण खरी आहे, पण पत्रांतला मोठा भाग कागदांबद्दल आहे.

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा, त्यात 2003 मध्ये कडक दुरुस्त्या झाल्या. मुलींच्या जिवासाठी तो हवाच, याबद्दल या मासिकाच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत ‘गर्भ’ म्हणजे फलनानंतरच्या सत्तावन्नाव्या दिवसापासूनचा मानवी जीव. गिनीपिग त्यात बसत नाही, म्हैसही बसत नाही. बसते ते मशीन. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे यंत्र नोंदणी नसलेल्या कोणालाही विकू नये, असे कलम 3 ब सांगते आणि विक्रेता अर्थातच धोका पत्करत नाही. त्यामुळे पशुवैद्यकाला आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते. तिथले अर्ज माणसांच्या केंद्रांसाठी बेतलेले आहेत. गर्भवतीची संमती, तिचा पत्ता, तिला किती मुले, किती मुली, हे रकाने गिनीपिगसाठी कसे भरायचे? वाचकांच्या अनुभवात एक टेबल म्हणते रिकामे सोडा, दुसरे म्हणते अपूर्ण अर्ज घेत नाही. पशुसंवर्धन खात्याकडे विचारले तर विषय आरोग्य खात्याचा. एका स्पष्ट, लेखी, दोन्ही खात्यांच्या सहीच्या परिपत्रकाने हा घोळ मिटेल. यंत्राची नोंद ठेवा, त्याची जागा तपासा, गैरवापर झाला तर कठोर शिक्षा करा. पण पशुवैद्यकासाठी वेगळा, साधा अर्ज द्या.

ज्ञानाची तर इथे वाण नाही. परळच्या हाफकिन संस्थेत गिनीपिगांवर शतकाहून अधिक काळ काम झाले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेग आणि उंदरांवरच्या पिसवांचा संबंध पक्का केला, तो प्लेगने मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावरच्या पिसवा पाहूनच. प्रजननआरोग्याची राष्ट्रीय संस्था परळलाच आहे, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. अटल सेतू झाल्यापासून गव्हाणहून परळ आणखी जवळ आले. तरी ज्या व्यावसायिकाने पाच वर्षांत एकही उजळणी वर्ग केलेला नाही, त्याने फक्त सरकारला दोष देऊ नये.

मशीन येईपर्यंत हात बांधलेले नाहीत. गर्भाच्या सहा आठवड्यांनंतर साध्या एक्स-रेत पिल्लांचे सांगाडे दिसतात, मूतखडेही दिसतात. जघनसांधा बोटाने तपासा. विण्याआधीच्या काळात तो उघडतो आणि बोटभर फट लागते. सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत एकदाही न व्यायलेल्या मादीत तो पुरेसा उघडत नाही. ती गाभण निघाली तर सिझेरियनची तयारी आधीच ठेवा. लठ्ठ गाभण मादीने शेवटच्या दोन आठवड्यांत खाणे सोडले तर टॉक्सिमिया गृहीत धरून त्याच दिवशी उपचार सुरू करा, उद्या बोलावू नका.

सोनोग्राफीच्या परवानगीसाठी ज्यांनी अर्ज केला आणि ज्यांचा अर्ज अडला, त्यांनी अर्जाची प्रत आणि मिळालेले लेखी उत्तर या मासिकाकडे पाठवावे. तोंडी तक्रारींवर कोणतेही खाते हलत नाही. कागद जमले की ते एकत्र करून दोन्ही खात्यांच्या सचिवांकडे दिले जातील. पत्रे या महिनाअखेरपर्यंत पोहोचावीत.