पंचनाम्याआधीचे पंधरा दिवस

इजिप्तच्या वाळवंटातील एक गोगलगाय मृत समजून २५ मार्च १८४६ रोजी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फळीवर चिकटवली गेली, आणि चार वर्षांनी तिच्या शंखाच्या तोंडाशी नवा पापुद्रा धरलेला दिसल्यावरून तिला कोमट पाण्यात सोडण्यात आले, तेव्हा ती जिवंत असल्याचे सिद्ध झाले. या प्राण्याची ग्रीष्मनिद्रा किती प्रगाढ असते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच निद्रेचे फळ मराठवाड्याने २०२२ च्या खरिपात भोगले. शंखी गोगलगायींची जोडी बेन्सन नावाच्या शंखाभ्यासकाने १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्यात आणली. त्या जातीने लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात कुरतडून टाकली आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आणली. पुढे पंचनामे झाले, मदतही जाहीर झाली. तीबद्दल माझी तक्रार नाही. परंतु नुकसान होऊन गेल्यावर हलणारी यंत्रणा या शत्रूला कधीच गाठू शकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्याचा दिनक्रम आणि ऋतुक्रम दोन्ही ठरलेले असून कचेरीचे वेळापत्रक त्यांच्याशी कुठेच जुळत नाही.

लायमॅक्स या बिनशंखाच्या गोगलगायीला प्रयोगशाळेत अखंड अंधारात ठेवले, तरी सुमारे चोवीस तासांच्या आवर्तनाने तिची हालचाल वाढते आणि ओसरते. म्हणजे सूर्यास्ताची वर्दी तिला बाहेरूनच मिळावी लागते असे नाही, घड्याळ तिच्या देहातच आहे. आपली शंखीही निशाचर. उन्हाळ्यात बांधावरचा एखादा दगड उलथून पाहावा: खाली मातीत रुतलेला शंख, आणि त्याच्या तोंडावर वाळलेल्या खळीसारखा पांढुरका, कडक पडदा. मृगाच्या सरींनी माती भिजली की तो पडदा सुटतो, भुकेला जीव बाहेर पडतो आणि थोड्याच दिवसांत मातीत शंभराहून अधिक अंडी घालतो. प्रत्येक शंखी उभयलिंगी असल्याने अंडी घालण्यास कोणीच अपात्र नसते.

म्हणून पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस हीच खरी मुदत होय. या काळात गावाने एकजुटीने शंखी वेचल्या पाहिजेत, कारण एकट्याने वेचलेल्या शेतात शेजारच्या बांधावरून त्या पुन्हा उतरतात. आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयाने त्यासाठीची मजुरी व बारदान पेरणीपूर्वीच मंजूर करून ठेवावे, अर्जांची वाट पाहू नये. पद्धत शेतकऱ्यांना ठाऊक आहेच: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे दिवेलागणीला बांधालगत अंथरायची, उजाडण्यापूर्वी उचलायची, खाली जमलेल्या शंखी हातमोजे घालूनच गोळा करायच्या, कारण त्यांच्या अंगी माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. ऊन वर आले की गोणपाटाखाली फक्त चकाकणारा चिकट माग उरतो.