अर्धा मिल आणि आमचे स्वातंत्र्यवादी

सरकारने शिक्षणातून अंग काढून घ्यावे, म्हणजे शिक्षण मोकळे होईल, असे प्रतिपादन हल्ली मोठ्या हिरिरीने होत असते. हे प्रतिपादन करणारे गृहस्थ स्वतःस स्वातंत्र्यवादी म्हणवितात आणि पुराव्यादाखल जॉन स्टुअर्ट मिलला साक्षीस उभा करितात. साक्षीदार मोठा आहे यांत वाद नाही. पण त्याची जबानी अर्धीच वाचून दाखविली जात आहे, एवढेच आमचे म्हणणे.

१८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात मिलने सरकारी शिक्षणाचा धसका घेतला आहे हे खरे. सर्व मुले एकाच साच्यातून निघू लागली तर साचा ज्याच्या हाती तो मनांचा धनी होईल, ही त्याची भीती होती. परंतु त्याच ठिकाणी त्याने आणखीही कांही सांगितले आहे. प्रत्येक मुलास शिक्षण मिळालेच पाहिजे, अशी सक्ती सरकारने करावी. ज्या आईबापांस खर्च झेपत नाही त्यांचा भार उचलावा. आणि परीक्षा घ्यावयाच्या त्या माहितीच्या घ्याव्या, मतांच्या घेऊ नयेत. हा उत्तरार्ध आमच्या मित्रांच्या व्याख्यानांत कधी ऐकू येत नाही. मिलने ज्याचे वचन ग्रंथाच्या आरंभी घातले, त्या हुंबोल्टचे चरित्रही असेच अडचणीचे आहे. तरुणपणी शासनाच्या मर्यादा आखणारा हा पंडित पुढे प्रशियाच्या सरकारी शिक्षणखात्याचा प्रमुख झाला, आणि १८१० साली उघडलेले बर्लिनचे विद्यापीठ त्याच्याच खटपटीचे फळ होय.

खुद्द मिलही आम्ही डोळे मिटून मानावा असा नव्हे. आपले तत्त्व मागासलेल्या समाजांस लागू नाही असे त्याने त्याच ग्रंथात लिहून ठेविले, आणि त्याची पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत गेली होती. तेव्हा या प्रश्नावर लंडनपेक्षा पुण्याची साक्ष आम्हांस अधिक मोलाची वाटते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन केले, ते आमच्या स्वातंत्र्यवाद्यांनी एकदा स्वस्थपणे वाचावे. सरकारी महसूल देतो रयत आणि त्यावर शिकतो वरचा वर्ग, हा अन्याय त्यांनी उघड मांडला. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. आणि सरकारने शाळा-महाविद्यालयांतून हात काढून घेतल्यास शिक्षणाचा प्रसार तर खुंटेलच, पण निःपक्षपातही धोक्यात येईल, असे बजाविले. सरकार दूर झाले की तेथे स्वातंत्र्य येऊन बसेल असे गृहीत धरण्याइतके जोतीराव भोळे नव्हते. रिकाम्या जागेवर कोण बसते हे त्यांनी जन्मभर पाहिले होते.

महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदान महाविद्यालये निघाली, तेव्हा हा प्रयोग आमच्या डोळ्यांसमोरच झाला. पैसा सरकारने आवरिला; अभ्यासक्रम, परीक्षा व मान्यता यांवरील पकड मात्र सोडिली नाही. म्हणजे साचा होता तोच राहिला, फक्त त्याची किंमत मुलाच्या बापाकडून वसूल होऊ लागली. यास स्वातंत्र्य म्हणावयाचे तर सावकारीस परोपकार म्हणण्यास हरकत नसावी!

आणि ज्याच्या नावाने हा सारा वाद चालतो तो विद्यार्थी? त्याने अभ्यास करावा, राजकारणात पडू नये, या उपदेशावर मात्र सरकारवादी आणि संस्थाचालक यांचे आश्चर्यकारक एकमत आहे. उपदेश नवा नाही. १९०५ साली बंगालच्या सरकारने कार्लाइल परिपत्रक काढून, विद्यार्थी चळवळीत गेले तर संस्थेचे अनुदान थांबवू, अशी धमकी दिली. त्याच वर्षी पुण्यात विलायती कापडाची होळी केल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने सावरकरांस दंड करून वसतिगृहाबाहेर काढिले. आगरकरांस जाऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती, आणि हे महाविद्यालय त्यांच्याच सोसायटीचे! सावरकरांचे पुढचे राजकारण ज्यास रुचत नाही त्यानेही या शिक्षेस अन्याय म्हटले पाहिजे. आपल्या मताच्या मुलापुरतेच ज्याचे स्वातंत्र्यप्रेम, त्याने हे नाव लावू नये.

१९८९ पासून अठरा वर्षांच्या मुलास मताचा अधिकार आहे. देशाचे सरकार बदलण्याइतकी अक्कल त्यास आली, आणि वसतिगृहाच्या नियमाविरुद्ध सभा भरविण्याइतकी आली नाही, हे तर्कशास्त्र आम्हांस उमगत नाही. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींस समाजमाध्यमावरील एका मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा त्या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले ते श्रेया सिंघल नावाच्या विशीतल्या मुलीने. आणि २०१५ साली ते ६६ अ कलम रद्द झाले. वडीलधारी मंडळी तोवर काय करीत होती, हे विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

साहित्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण रोग तोच आहे. संततिनियमनाचा प्रचार सोडवेना म्हणून र. धों. कर्वे यांस प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे त्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, आणि त्यावरील अश्लीलतेच्या एका खटल्यात त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. त्या वेळी साहित्याच्या स्वातंत्र्यावर व्याख्याने देणारी मंडळी पुण्या-मुंबईत थोडी नव्हती.